पंचांग वाचायचं कसं? अगदी पहिल्यापासून

आमच्या घरात तिथ्या सांगायचं खातं आजीकडे होतं. "उद्या संकष्टी, रात्रीच साबुदाणा भिजत घाल," एवढं तिने म्हटलं की बाकी कुणाला पंचांग उघडावं लागत नसे. ती गेली आणि पुढच्याच महिन्यात मी कॅलेंडरसमोर गडबडलो. एकाच चौकोनात तृतीया छापलेली आणि खाली संकष्टी. छपाईची चूक असणार, असं ठरवून मी उपास दुसऱ्या दिवशी धरला, चतुर्थी लिहिली होती त्या दिवशी. रात्री आत्याचा फोन आला, "काल चंद्र बघूनच जेवलास ना रे?" छपाई बरोबर होती, वाचणारा चुकला होता.

हा लेख अशाच वाचणाऱ्यांसाठी आहे. मुहूर्त काढणं किंवा पत्रिका मांडणं यातून येणार नाही, ते गुरुजींचं काम. पण आज कोणती तिथी, ती किती वाजेपर्यंत, अमुक सण याच दिवशी का, आजोबांचं श्राद्ध यंदा कधी, एवढं स्वतःचं स्वतः पाहता येईल. त्यासाठी पंचांगाकडे आधी एक वेळापत्रक म्हणून बघा. सूर्य कुठे आहे आणि चंद्र कुठे आहे, एवढंच त्यात मुळात लिहिलेलं असतं. शुभ-अशुभाचा भाग त्यावर नंतर चढलेला आहे आणि तो किती मानायचा हे ज्याच्या त्याच्या घरावर.

हातात काय घ्यायचं

सुरुवातीला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कालनिर्णय १९७३ पासून निघतं आणि त्याच्या चौकोनात तिथी, ती संपायची वेळ, नक्षत्र, सण असं बरंचसं बसवलेलं असतं. महिनाभर त्यावर हात बसला की मग पुस्तकाच्या आकाराचं पूर्ण पंचांग घ्या. सोलापूरचं दाते पंचांग बहुतेक पूजासाहित्याच्या दुकानात मिळतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की कॅलेंडर जानेवारीत सुरू होतं आणि पंचांग गुढीपाडव्याला. डिसेंबरात पंचांग विकत घेतलंत तर तीनेक महिनेच हाती लागतील.

मोबाइलवरचं ॲप वापरत असाल तर आधी त्यात आपलं गाव भरा. सूर्योदय आणि चंद्रोदय गावागणिक बदलतात. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सहा अंशांहून जास्त फरक आहे, म्हणजे नागपूरकरांचा सूर्य साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. ॲपमध्ये दिल्ली तशीच राहिली आणि कोल्हापुरात कुणी त्या वेळेला चंद्र शोधत गच्चीवर उभं राहिलं, तर दोष ॲपचा नाही.

पानाच्या माथ्यावर काय असतं

शके, संवत्सराचं नाव, महिना आणि पक्ष. शालिवाहन शक काढायला इसवी सनातून ७८ वजा करायचे. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांना मात्र ७९ वजा करायचे, कारण शक पाडव्याला बदलतो. १९ मार्च २०२६ च्या पाडव्याला शके १९४८ लागला, त्या संवत्सराचं नाव पराभव. अशी साठ नावं आहेत आणि ती साठ वर्षांनी फिरून येतात. शेजारी विक्रम संवत दिलेला असतो, तो आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बदलतो.

महिन्यांची नावं आकाशातून आली आहेत. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र, विशाखाच्या आसपास तो वैशाख, कृत्तिकांजवळ तो कार्तिक. अमावास्येनंतरचा चढत्या चंद्राचा पंधरवडा शुद्ध किंवा शुक्ल, पौर्णिमेनंतरचा उतरत्या चंद्राचा वद्य किंवा कृष्ण. छापताना शु. आणि व. किंवा कृ. एवढंच छापतात.

एका ओळीपासून मात्र सावध राहा. काही कॅलेंडरांत 'भारतीय सौर' म्हणून वेगळी तारीख असते. ते २२ मार्च १९५७ पासून चालू झालेलं सरकारी राष्ट्रीय कॅलेंडर. त्यातही चैत्र-वैशाख हीच नावं आणि शकही तोच, पण त्यातले दिवस इंग्रजी तारखांसारखे ठरलेले. त्याचा चंद्राशी संबंध नाही. तिथी बघताना ती ओळ सरळ सोडून द्यायची.

तिथी: इथे घाई करू नका

पाच अंगं म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. यातली तिथी एकदा नीट कळली की बाकीची चार आपोआप रांगेत येतात.

अमावास्येला सूर्य आणि चंद्र आकाशात एका रेषेत असतात. तिथून चंद्र पुढे पळायला लागतो. तो सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण झाली, २४ अंश पुढे गेला की दुसरी. असं ३६० अंशांचं वर्तुळ तीस तिथींत पूर्ण होतं आणि पुन्हा अमावास्या येते. या फेरीला सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणजे एक तिथी सरासरी चोवीस तासांना थोडी कमी पडते. पण चंद्राची चाल एकसारखी नसते, त्यामुळे कधी तिथी वीस तासांत उरकते आणि कधी सव्वीस तास रेंगाळते.

त्यामुळे तिथी रात्री बाराला बदलत नाही आणि सूर्योदयालाही बदलत नाही. ती दुपारी पावणेदोनला बदलेल, पहाटे चारलाही बदलेल. मग त्या दिवसाला नाव कोणतं द्यायचं? नियम सोपा आहे: सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. चौकोनात मोठ्या अक्षरात तीच छापतात आणि पुढे ती संपायची वेळ. 'तृतीया १३.५४' असं दिसलं तर सकाळपासून १ वाजून ५४ मिनिटांपर्यंत तृतीया, तिथून पुढे चतुर्थी. ही संपायची वेळ आहे, लागायची नव्हे. नवशिके सगळ्यात जास्त इथेच अडखळतात.

याच नियमातून आणखी दोन गमती निघतात. एखादी छोटी तिथी सूर्योदयानंतर लागून दुसऱ्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिच्या वाट्याला एकही सूर्योदय येत नाही. तो तिथीचा क्षय. मग पंचमीनंतर थेट सप्तमीचा चौकोन येतो. उलट एखादी लांब तिथी दोन सूर्योदय पकडते, ती वृद्धी. सलग दोन दिवस तीच तिथी छापलेली दिसते आणि पहिल्या दिवसापुढे वेळेऐवजी 'अहोरात्र' लिहितात, म्हणजे आज ती संपतच नाही.

जुन्या पंचांगात वेळ घटी-पळांत असते. दिवसाच्या साठ घटी, एक घटी २४ मिनिटांची, मोजणी सूर्योदयापासून. 'घटका भरली' म्हणतो ती हीच घटका. वारही पंचांगात सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच धरतात, म्हणून सोमवारच्या मध्यरात्रीनंतर दोन वाजता पंचांगाच्या लेखी सोमवारच चालू असतो. अशा वेळा लिहायची प्रत्येक पंचांगाची पद्धत वेगळी. कुणी 'उ. रात्री' म्हणतं, कुणी चोवीसच्या पुढे मोजत २६.१० लिहितं. तेव्हा पहिल्या पानांवरचं संक्षेपांचं स्पष्टीकरण एकदा वाचाच. ते कुणीही वाचत नाही आणि मग वर्षभर विचारत बसतं.

मग सण त्याच तिथीच्या चौकोनात का नसतो?

आता माझ्या संकष्टीकडे येऊ. दिवसाला नाव सूर्योदयाची तिथी देते, पण प्रत्येक व्रताला ती तिथी दिवसाच्या एका ठरावीक वेळी हवी असते. संकष्टीचा उपास चंद्रदर्शनावर सुटतो, म्हणून चंद्रोदयाला चतुर्थी हवी. समजा वद्य तृतीया सायंकाळी पाचला संपली. चौकोनावर तृतीयाच छापलेली राहणार, पण रात्री नऊच्या सुमारास चंद्र उगवेल तेव्हा चतुर्थी चालू असेल. म्हणून संकष्टी त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी चतुर्थी असेल खरी, पण संध्याकाळी ती संपून पंचमी लागली तर त्या रात्रीचा चंद्र पंचमीचा. मी जेवलो तो हा चंद्र बघून.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे सण चटकन उलगडतात. गणेश चतुर्थी आणि रामनवमी यांना मध्यान्ह लागतो. दसऱ्याला अपराह्न, लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतरचा प्रदोष, गोकुळाष्टमीला आणि महाशिवरात्रीला मध्यरात्र. गुढीपाडव्याला सूर्योदयाची प्रतिपदा, त्यामुळे तिथे डोकं लढवावं लागत नाही. मध्यान्ह-अपराह्न म्हणजे नेमकं कधी? सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच समान भाग करायचे: प्रातःकाळ, संगव, मध्यान्ह, अपराह्न, सायान्ह. सहाला उजाडून सहाला मावळणाऱ्या दिवशी मध्यान्ह १०.४८ ते १.१२ आणि अपराह्न तिथून ३.३६ पर्यंत.

खरं उदाहरण घेऊन बघा. २०२५ सालची भाद्रपद शुद्ध चतुर्थी मंगळवारी २६ ऑगस्टला दुपारी १.५४ ला लागली आणि बुधवारी २७ तारखेला ३.४४ ला संपली. मंगळवारी सकाळी तृतीया होती, म्हणून हरितालिका मंगळवारी. चतुर्थी लागली तोवर मंगळवारचा मध्यान्ह उरकत आला होता, बुधवारचा अख्खा मध्यान्ह मात्र चतुर्थीत होता. म्हणून गणपती बुधवारी बसले. जाता जाता वजाबाकी करून पाहा, ही चतुर्थी पावणेसव्वीस तासांहून लांब होती.

वाद होतो तो दोन्ही दिवशी ती वेळ साधली की. २०२४ ची दिवाळी आठवत असेल. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या पुढे लागली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. दोन्ही संध्याकाळी ती होतीच, पहिल्या दिवशी भरपूर आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर जेमतेम. उत्तरेत अनेकांनी ३१ तारीख धरली, आपल्याकडच्या पंचांगांनी १ नोव्हेंबर. तिथी किती वाजता संपते याबद्दल वाद नव्हता. दोन दिवस हाताशी असले तर कोणता घ्यायचा, याबद्दलच्या धर्मशास्त्राच्या वचनांचा अर्थ लावण्यात फरक होता. त्या वेळी दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना 'तुमचं पंचांग चुकलं' म्हणत होते, तेवढं मात्र चूक होतं.

एकादशीचंही तसंच. कधीकधी कॅलेंडरात लागोपाठ दोन दिवस एकादशी दिसते, एक स्मार्त आणि दुसरी भागवत. सूर्योदयाआधीच्या चार घटींत, म्हणजे ९६ मिनिटांत, दशमीचा अंश उरला असेल तर वैष्णव ती एकादशी सोडून दुसरा दिवस धरतात. वारकरी भागवत एकादशी करतात. तुमच्या घरी कोणती, हे पंचांगात सापडणार नाही, घरातल्या मोठ्यांना विचारा.

उरलेली अंगं, थोडक्यात

नक्षत्र म्हणजे चंद्र आज कोणत्या तारकासमूहात मुक्कामाला आहे ते. वर्तुळाचे २७ भाग, प्रत्येक १३ अंश २० कलांचा, आणि चंद्र साधारण दिवसाला एक घर ओलांडतो. वाराशी जोडी जमली की काही खास नावं मिळतात. गुरुवारी पुष्य नक्षत्र आलं की गुरुपुष्यामृत, आणि सोन्याच्या दुकानात गर्दी. तिथी आणि वाराच्याही अशा जोड्या आहेत: मंगळवारची संकष्टी ती अंगारकी, सोमवारची अमावास्या ती सोमवती.

योग हा सूर्य आणि चंद्र यांच्या स्थानांची बेरीज करून काढलेला आकडा. तेही २७. रोजच्या व्यवहारात तुम्हाला तो जवळजवळ लागणार नाही.

करण म्हणजे अर्धी तिथी. यातलं एकच नाव ओळखीचं करून ठेवा, विष्टी. तिलाच भद्रा म्हणतात आणि ती टाळायची पद्धत आहे. पौर्णिमेचा पूर्वार्ध नेहमी विष्टी करणाचाच असतो. राखी आणि होळी दोन्ही पौर्णिमेला, म्हणून दर वर्षी त्याच दोन सणांना 'भद्रा किती वाजेपर्यंत आहे' ही चर्चा रंगते.

राहुकाळ वगैरे रकान्यांबद्दल माझं मत विचाराल, तर पहिल्या वर्षी तिकडे बघूच नका. पाच अंगांत तो येत नाही, आणि नवा माणूस त्यातच जास्त अडकतो.

अधिक महिना आणि उत्तरेचा श्रावण

चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत होतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती साचू दिली तर दिवाळी हळूहळू सरकत भर पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. तो कोणता, हे मनाने ठरवत नाहीत. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत, आणि ज्या चांद्र महिन्यात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून ज्येष्ठ अधिक. अधिक महिना आधी येतो, त्याच नावाचा निज महिना मागून. सणवार निज महिन्यात. अधिकात जावयाला अनारसे.

नात्यात किंवा ऑफिसात उत्तरेचं कुणी असेल तर दुसरा गोंधळ होतो: त्यांचा श्रावण पंधरा दिवस आधीच सुरू होतो. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचं नाव दोघांचंही एकच, वद्य पक्षाचं वेगळं. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची. रात्र तीच.

मकर संक्रांत या सगळ्यात बसत नाही, कारण ती चंद्राची नाहीच. सूर्य मकर राशीत जातो तो दिवस, म्हणून ती दर वर्षी १४ किंवा १५ जानेवारीच्या आसपासच येते. पावसाची नक्षत्रंही सूर्याची. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो म्हणतात तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात गेलेला असतो आणि तेरा-चौदा दिवस तिथेच राहतो. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्रासमोर बेडूक, म्हैस, कोल्हा असं वाहन दिलेलं असतं. गावाकडे आजही कुणीतरी ते मोठ्याने वाचतं आणि मग 'हत्तीचा पाऊस' कसा पडणार यावर पारावर एकमत होत नाही.

श्राद्धाची तिथी काढायची असेल तर

इथे चुकलं की रुखरुख लागते, म्हणून सावकाश करा. माणूस गेलं ती तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घ्या. त्या वेळी चालू असलेली तिथी धरायची, चौकोनातली नाही. सकाळी अष्टमी असेल आणि ती दुपारी दोनला संपली असेल, तर संध्याकाळी गेलेल्या माणसाची तिथी नवमी. त्या वर्षाचं पंचांग घरात नसेल तर गुरुजींकडे जुनी पंचांगं जपलेली असतात, आणि संगणकावरची बरीच पंचांगं मागच्या तारखांची तिथी देतात. मग महिना, पक्ष आणि तिथी वहीत पूर्ण लिहा: 'मार्गशीर्ष वद्य नवमी'. नुसतं 'नवमी' लिहून ठेवलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत, त्यांचा उपयोग होत नाही.

दर वर्षीचा दिवस शोधताना ती तिथी अपराह्नात कोणत्या दिवशी आहे ते बघायचं. पितृपक्षात, म्हणजे भाद्रपद वद्य पंधरवड्यात, त्याच तिथीला महालय. तिथी माहीतच नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच.

दोन पंचांगं वेगळं सांगतात तेव्हा

आधी गाव एकच आहे का ते तपासा, निम्मे फरक तिथेच मिटतात. उरलेल्या फरकांना इतिहास आहे. शेकडो वर्षं आपल्याकडची पंचांगं कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास रचलेल्या 'ग्रहलाघव' ग्रंथावरून होत. पुढे त्यातलं गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत फरक पडत गेला. गणित आकाशाशी ताडून घ्यावं, या आग्रहात लोकमान्य टिळक पुढे होते. राशिचक्राचा आरंभ नेमका कुठे मानायचा, यावर मात्र सगळ्यांचं जुळलं नाही. त्यामुळे टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत कधीकधी अधिक महिनाच वेगळा येतो आणि त्यांचा गणपती इतरांच्या आधी महिनाभर बसतो. तुमच्या घरात जे चालत आलं आहे ते एकच पंचांग धरा. सोयीचा दिवस मिळेल तसं पंचांग बदलू लागलात तर मात्र कुणीच मदत करू शकणार नाही.

आता गच्चीवर

पंधरा दिवस रोज रात्री कॅलेंडर बघायच्या आधी चंद्र बघा आणि तिथीचा अंदाज करा. सूर्य मावळताना चंद्र अर्धा आणि माथ्याच्या आसपास असेल तर शुद्ध सप्तमी-अष्टमी. इकडे सूर्य मावळतोय आणि तिकडे पूर्वेला पूर्ण चंद्र वर येतोय, म्हणजे पौर्णिमा. तिथून तो रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवेल. रात्री नऊच्या आसपास किंचित कापलेला चंद्र वर आला, की घरात खमंग वास सुटलेला असेल आणि कुणीतरी आतून विचारेल, "दिसला का रे?"